चाळीस हजारांच्या स्टॅम्पपेपरवर सही करू का?

प्रश्न : आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मिस्टर (वय ३२) अंबड एमआयडीसीत ठेकेदारामार्फत सीएनसी ऑपरेटर आहेत, पगार १८ हजार. मी जवळच्याच युनिटमध्ये पॅकिंगला जाते. दीड महिन्यापूर्वी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर दोघं मोटारसायकलवरून घरी येत होतो. समोरून येणाऱ्या पिकअपने सिग्नल न देता एकदम उजवीकडे वळण घेतलं आणि आम्हाला उडवलं. मिस्टरांच्या उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, आत रॉड टाकलाय. माझं कॉलर बोन मोडलं, पट्टा लावून आहे. खाजगी दवाखान्याचे दोघांचे मिळून २ लाख ३५ हजार झाले. त्यांनी हेल्मेट घातलं होतं, मी नव्हतं घातलं. गाडी दिरांच्या नावावर आहे, थर्ड पार्टी विमा चालू आहे, पण पीयूसी संपलेलं. मिस्टरांचं लायसन आहे. पोलीस दवाखान्यात येऊन जबाब घेऊन गेले, पुढे काय झालं माहीत नाही. पिकअपवाले रोज फोन करतात की चाळीस हजार घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही करा. नातेवाईक म्हणतात हेल्मेट नाही, पीयूसी नाही, कोर्टात गेलात तर हेही हातचं जाईल. ठेकेदार म्हणतो ड्युटी सुटल्यावर झालं, कंपनीचा संबंध नाही. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सही करू नका. पिकअपवाल्याशी भांडूही नका. फोन आला की "गाडीच्या विम्याची कॉपी पाठवा" एवढंच म्हणा.

तो चाळीस हजार का देऊ करतोय हे आधी लक्षात घ्या. तुमची भरपाई त्याच्या खिशातून जायचीच नाहीये. रस्त्यावर गाडी काढायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, आणि दुसऱ्याला झालेल्या इजेचे पैसे भरणं हेच त्या विम्याचं काम. मालकाला टाळायच्यात त्या गोष्टी वेगळ्या : ड्रायव्हरवरचा गुन्हा, गाडी ठाण्यात अडकणं, आणि लायसन, फिटनेस, परमिट यांत काही खोट असेल तर विमा कंपनी भरलेली रक्कम आपल्याकडून वसूल करेल ही धास्ती. म्हणून अशा स्टॅम्पपेपरवर हटकून दोन वाक्यं असतात. एक, "सदर अपघात कोणाच्याही चुकीने झालेला नाही". दुसरं, "आमची काही तक्रार नाही व यापुढे कोणतीही मागणी करणार नाही". लोक दुसऱ्या वाक्याला घाबरतात, पण घात करतं ते पहिलं. वर्ष-दीड वर्षाने तुम्ही साक्षीला उभ्या राहिलात की विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करून विचारेल, "ही सही तुमचीच ना?"

माणुसकी म्हणून त्याला औषधापुरती मदत करायचीच असेल तर बँक खात्यात घ्या आणि व्हॉट्सॲपवर "उपचारासाठी मदत मिळाली" एवढं कळवा. ती रक्कम पुढे भरपाईतून वजा होऊ शकते, बाकी काही बिघडत नाही.

आता चाळीस हजारांच्या समोर दुसरा आकडा मांडून बघू. दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर. ते आपल्या जिल्हा न्यायालयातच, सीबीएसजवळ. कायमचं अपंगत्व राहिलं तर हिशोबाची रीत सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिली आहे : गुणक (वर्षाच्या कमाईला वयानुसार ज्या आकड्याने गुणायचं तो) २००९ च्या सरला वर्मा निकालातले, पगारवाढीची टक्केवारी २०१७ च्या प्रणय सेठी निकालातली. तुमच्या मिस्टरांचा महिन्याचा पगार १८,०००. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नाही, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वय ३१ ते ३५ साठी गुणक १६, म्हणजे ४८,३८,४००. पाय जुळल्यावरही त्यांची कमावण्याची ताकद १५ टक्क्यांनी घटली असं न्यायाधिकरणाने धरलं, तर याचे १५ टक्के, ७,२५,७६०. पाचच टक्के धरले तर २,४१,९२०. पाय पूर्ण बरा झाला तर ही ओळ शून्य, आणि तसं झालं तर आनंदच आहे. पण ही झाली एकच ओळ. तिच्याशिवाय दवाखान्याची बिलं, घरी बसलेल्या महिन्यांचा पगार, येण्याजाण्याचं भाडं, सकस आहार, सांभाळायला थांबलेल्या माणसाचा खर्च, पुढे रॉड काढायच्या ऑपरेशनचा खर्च, वेदना आणि हरवलेली मजा, असं सगळं वेगवेगळं मागता येतं. त्यावर साधारणपणे अर्ज केल्या तारखेपासून व्याज.

टक्क्यांचा घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. सर्टिफिकेटवर "उजवा पाय ३० टक्के" असं लिहून येतं. ते त्या पायाचं अपंगत्व, सगळ्या शरीराचं नव्हे आणि कमाईचं तर त्याहून नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालाने न्यायाधिकरणाला सांगितलंय की डॉक्टरचा आकडा तसाच उचलू नका, हा माणूस काम काय करत होता ते बघा. टेबलावर बसून हिशोब लिहिणाऱ्याला नडगीतल्या रॉडने जे होईल आणि मशिनपुढे आठ-दहा तास उभ्या राहणाऱ्याला जे होईल ते सारखं नसतं. त्यामुळे कामाचं स्वरूप सांगणारा कागद हवा : उभं राहून काम, जॉब उचलून लावणं, रात्रपाळी. ठेकेदार देत नसेल तर बरोबरचा कामगार साक्षीला चालतो. अपंगत्वाचं सर्टिफिकेट मात्र आत्ता घाईने काढू नका. हाड जुळून सांध्याची हालचाल स्थिरावली की जिल्हा रुग्णालयात जा. दावा तेवढ्यासाठी थांबवायचा नाही. अर्ज आधी, सर्टिफिकेट नंतर. आणि सर्टिफिकेट देणारा किंवा ऑपरेशन केलेला डॉक्टर साक्षीला आला नाही तर त्या कागदाचं वजन निम्मं होतं, हे वकिलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

हेल्मेट आणि पीयूसीचं भूत आता उतरवू. पीयूसी नसणं हा दंडाचा मामला. धुराच्या सर्टिफिकेटचा आणि पिकअपने अचानक वळण घेण्याचा काय संबंध? हेल्मेटचं थोडं वेगळं. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते सक्तीचं आहे; नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन अपात्र. पण भरपाईत प्रश्न विचारला जातो तो असा : हेल्मेट असतं तर ही इजा टळली असती का? डोक्याला मार असता तर विमा कंपनीने या मुद्द्यावर काही टक्के कापायला लावले असते, आणि काही न्यायालयांनी तसं कापलेलंही आहे. तुमचं मोडलंय कॉलर बोन. कुठलंही हेल्मेट कॉलर बोन झाकत नाही. २०२० साली मोहम्मद सिद्दीक प्रकरणात एका मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून कापलेले १० टक्के सर्वोच्च न्यायालयाने परत दिले, कारण तिघे बसल्यामुळे अपघात झाला किंवा वाढला हे कोणी दाखवलं नव्हतं. मोडलेला नियम वेगळा आणि त्या नियमामुळे झालेलं नुकसान वेगळं, हे नातेवाइकांना सांगा.

खरी भीती दुसऱ्याच कागदाची आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. दवाखान्यातला पहिला केसपेपर मागून घ्या. त्यावर "हिस्ट्री" म्हणून एक ओळ असते, ड्युटीवरच्या डॉक्टरने आणणाऱ्या माणसाला विचारून घाईघाईत लिहिलेली. तिथे "पिकअपची धडक" असं असेल तर देवाचे आभार माना. "मोटारसायकलवरून पडून" किंवा "गाडी घसरून" असं असेल, तर विमा कंपनी म्हणणार की यांना कुठल्या गाडीने उडवलंच नाही, पिकअपचं नाव नंतर घुसडलंय. शुद्धीवर नसलेल्या माणसाला रिक्षात घालून आणणाऱ्याने "गाडीवरून पडले" म्हटलेलं असतं, एवढंच घडलेलं असतं; पण या एका ओळीवर दावे कोसळतात. तसं लिहिलेलं आढळलं तर खाडाखोड करायला लावू नका, ती लगेच पकडली जाते. दवाखान्याला लेखी अर्ज द्या, दाखल करताना माहिती कोणी दिली ते लिहा, खरी हकीकत लिहा आणि त्या अर्जाची पोच घ्या. डॉक्टर तारीख टाकून स्वतंत्र नोंद करून देत असतील तर उत्तमच. हीच गोष्ट पोलिसांच्या पुरवणी जबाबातही येऊ द्या. केसपेपरवर एमएलसी (मेडिको-लीगल केस) नंबर आहे का तेही बघा. दवाखान्याने पोलिसांना कळवल्याचा तोच पुरावा.

आता पोलीस. जबाब घेतला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. ठाण्यात जाऊन सरळ विचारा : गुन्हा रजिस्टर नंबर काय, तपासी अंमलदार कोण? नंबर असेल तर एफआयआरची नकल घ्या. ज्याच्या फिर्यादीवरून गुन्हा नोंदला त्याला ती फुकट मिळते. नंबर नसेल तर आजच लेखी फिर्याद द्या. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे, आणि हयगयीने गाडी चालवून ती केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५(ब) लागतं. "आमच्या हद्दीत नाही" म्हणाले तर शून्य नंबरने नोंदवून वर्ग करणं ही त्यांची जबाबदारी, तुम्ही दोन ठाण्यांत चकरा मारायच्या नाहीत. तरी नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे फिर्याद पोस्टाने, रजिस्टर करून, पोलीस उपायुक्तांकडे पाठवा. त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

फिर्यादीत "भरधाव वेगाने येऊन धडक दिली" हे ठरलेलं वाक्य लिहून थांबू नका. आम्ही कुठून कुठे चाललो होतो, रस्त्याच्या कोणत्या बाजूला होतो, पिकअप समोरून येत होता आणि कुठे आत वळायला गेला, सिग्नल दिला नाही, त्याचा कोणता भाग आमच्या गाडीच्या कोणत्या भागाला लागला, गाड्या कुठे थांबल्या, उजेड होता की लाइट लागले होते, हे लिहा. दीड महिन्याचा उशीर झालाय तर त्याचं कारण त्याच फिर्यादीत : दोघेही दवाखान्यात, अमुक तारखेला ऑपरेशन, अमुक तारखेला डिस्चार्ज. उशिराचं कारण दिलं की तो सहसा आड येत नाही. कारण न देता राहिला की आड येतो. जवळच्या दुकानांचे, कंपन्यांच्या गेटचे सीसीटीव्ही फुटेज बहुतेक ठिकाणी काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, दीड महिन्यानंतर आशा कमीच. तरी एकदा विचारून बघा. कोणी त्याच दिवशी मोबाइलवर काढून ठेवलेलं असतं.

"खड्डा चुकवायला वळलो" असं पिकअपवाला म्हणण्याची शक्यता धरा. सिंहस्थाच्या कामांच्या काळात ही सबब चालून जाईल असं लोकांना वाटतं. खड्डा असला तरी समोरची गाडी बघूनच वळायचं असतं, त्याने त्याची जबाबदारी सुटत नाही. निव्वळ खड्ड्यामुळे, दुसरं वाहन नसताना कोणी पडून जखमी झालं तर मात्र रस्ता वेगळा : मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या गटारांच्या बळींसाठी मृत्यूला ६ लाख आणि जखमेला ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली आहे. ती महापालिकेसारख्या रस्त्याच्या मालकाकडून वसूल व्हायची आहे.

दाव्याची मुदत. अपघातापासून सहा महिने. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत परत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण दुसऱ्याच्या खटल्याच्या भरवशावर आपली तारीख चुकवायची नसते. दीड महिना गेला, साडेचार राहिलेत. पिकअपवाल्याचे रोजचे फोन कदाचित या साडेचार महिन्यांसाठीच आहेत : आज देतो, सणानंतर देतो, गावाला गेलोय, असं करत मुदत सरते. पोलिसांनीही स्वतःहून अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो (पहिला ४८ तासांत, सविस्तर ९० दिवसांत) आणि तो अहवाल दावा म्हणून धरता येतो. तपासी अंमलदाराला त्याबद्दल विचारा, पीडितांसाठीचा फॉर्म मागा, पण त्यावर विसंबून राहू नका. आपला अर्ज आपण करायचा.

अर्ज दोन करा. तुमचा वेगळा, मिस्टरांचा वेगळा. कारण तुमची बाजू दोघांची एकसारखी नाही.

मिस्टर गाडी चालवत होते. पिकअपची विमा कंपनी म्हणणार की त्यांचीही चूक होती, वेग जास्त होता. न्यायाधिकरणाने समजा २० टक्के चूक त्यांच्यावर ठेवली तर त्यांच्या भरपाईतून २० टक्के जातील. गाडी दिरांची असल्यामुळे अजून एक : स्वतःच्या मोटारसायकलच्या विम्यातून त्यांना काही मिळणार नाही. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी आला असं धरतात, आणि मालक स्वतःच्या थर्ड पार्टी विम्यात तिसरा माणूस होत नाही. पॉलिसीवर १५ लाखांचं मालक-चालक अपघात कव्हर दिसलं तरी ते दिरांसाठी आहे, आणि तेही मृत्यू किंवा हात-पाय-डोळा गमावण्यासारख्या कायमच्या अपंगत्वासाठी. हाड मोडण्यासाठी नाही. गावात गाड्या अशा एकमेकांच्या फिरतात, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

तुम्ही मागे बसलेल्या. चूक पिकअपची ७० टक्के की ८०, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. दोन वाहनचालकांच्या चुकीत तिसरा जखमी झाला तर तो पूर्ण रक्कम कोणा एकाकडूनही मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेनयेई प्रकरणात सांगितलं आहे. दिरांना आणि त्यांच्या विमा कंपनीला पक्षकार करायचं का, असा प्रश्न वकील काढतील. पोलिसांच्या कागदात मिस्टरांवर चूक टाकलेली नसेल तर करू नका असं माझं मत. साध्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसणाऱ्याचं कव्हर नसतंच म्हणून ती कंपनी भांडणार, आणि घरात मात्र "दिरावर केस केली" असं होणार.

तुमच्यासाठी एक जवळची वाटही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला थेट अडीच लाख मिळतात. तुमचं कॉलर बोन पट्ट्यावरच नीट जुळलं, हात पूर्ण वर जायला लागला, तर सगळा पुरावा देऊन कलम १६६ खाली, म्हणजे नेहमीच्या दाव्यात, निघणारी रक्कम अडीच लाखांच्या आतही असू शकते. म्हणजे तुम्ही १६४ चा विचार जरूर करा. मिस्टरांनी तो करू नये, निदान हाड जुळल्याचा एक्स-रे बघेपर्यंत तरी नाही. कारण १६४ चे पैसे स्वीकारले की १६६ चा दावा तिथेच संपतो, दोन्ही हातात लाडू मिळत नाहीत.

ठेकेदाराचं "ड्युटी सुटल्यावर झालं" हे म्हणणं अर्धवट माहितीतून आलेलं आहे. १८ हजार पगार म्हणजे २१ हजारांच्या मर्यादेच्या आत, तेव्हा ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात होत असणार. पगाराची स्लिप बघा. ईएसआयच्या नियमांप्रमाणे घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि कारण यांचा कामाशी धागा जुळत असेल तर, कामावरचाच अपघात धरला जातो. शिफ्ट सुटल्याची वेळ आणि अपघाताची वेळ जवळजवळ असेल, रस्ता नेहमीचा असेल, तर धागा आहे. तुम्हाला युनिटमधून घेतलं ते वाटेवरच होतं की उलट दिशेला, हे विचारतील, खरं तेच सांगा. मान्य झालं तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात. यासाठी ठेकेदाराने अपघाताचा अहवाल, फॉर्म १२, भरून द्यायचा असतो. तो देत नसेल तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात तुम्ही लेखी कळवा आणि कंपनीच्या मुख्य मालकालाही प्रत पाठवा, कारण ठेकेदाराच्या कामगारांच्या ईएसआयची जबाबदारी त्याच्यावरही येते. रजेचे दाखले ईएसआयच्या डॉक्टरचे लागतात, म्हणून पायाला प्लास्टर असो वा नसो, कार्ड घेऊन दवाखान्यात नोंद करून घ्या. सातपूरला त्यांचं रुग्णालय आहे. तातडीत खाजगीत केलेल्या उपचाराचा परतावाही त्यांच्याकडे मागता येतो, तो त्यांच्या दराने येतो, बिलाएवढा नाही. तुमच्या युनिटमध्ये तुमची कपात होत असेल तर हे सगळं तुम्हालाही लागू. ईएसआयचे पैसे घेतलेत हे वकिलापासून लपवू नका, विमा कंपनी तो मुद्दा काढणारच.

मेडिक्लेम असेल तर तोही बिनधास्त वापरा. हप्ता तुम्ही भरलेला असतो. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलंय. फक्त मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे जातात, तेव्हा देण्याआधी सगळ्यांच्या प्रती काढून दवाखान्याचा शिक्का घ्या.

बिलांची फाइल आजच लावा, दोघांची वेगळी. मेडिकलच्या प्रत्येक बिलावर पेशंटचं नाव हवं आणि त्या तारखेची डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या मागे टाचलेली हवी. चिठ्ठीशिवायचं बिल कापलं जातं. एक्स-रेच्या फिल्म उन्हात, गादीखाली ठेवू नका. डिस्चार्ज फाइलमध्ये रॉडचा आणि स्क्रूचा कंपनीचा स्टिकर असतो, तो जपा. रॉड काढायला पुढे अंदाजे किती खर्च येईल ते सर्जनकडून लेटरहेडवर घ्या. पगारासाठी बँक पासबुक, पीएफचा उतारा, ईएसआयची कपात. तुमच्या पगाराबरोबर घरकामाचंही मोल धरलं जातं, म्हणून स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला बाई लावली असेल तर तिला यूपीआयने पैसे द्या, आपोआप नोंद राहते. फिजिओथेरपीला जाताना रिक्षावाल्याकडून चिठ्ठी घ्यायला संकोच वाटतो, पण घ्या.

मोटारसायकल अजून ठाण्यात असेल तर आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी झाल्याशिवाय सोडवून दुरुस्तीला टाकू नका. उजव्या बाजूचं फुटरेस्ट, ब्रेक पेडल, वाकलेलं हँडल, या सगळ्याचे फोटो हवेत. उजव्या बाजूचा मार हीच तुमच्या हकिकतीची साक्ष. दुरुस्तीचे पैसेही पिकअपच्या विमा कंपनीकडून मागता येतात, पण गाडी दिरांची, म्हणून ती मागणी दिरांच्या नावाने.

वकिलाचं. तुम्ही महिला आहात, त्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. औद्योगिक कामगार म्हणून मिस्टरांनाही. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, हेल्पलाइन १५१००. स्वतःचा वकील करणार असाल तर भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवू नका. निकालावर फी अवलंबून ठेवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या एजंटाचा हिस्सा त्यातूनच निघतो. कोऱ्या वकीलपत्रावर सही नाही, कोरा चेक तर नाहीच. खटला सुरू असताना कंपनीने तडजोडीचा आकडा दिला तर तो लोकअदालतीत, न्यायाधीशांसमोर लिहून घ्या. तिथली तडजोड अंतिम असते, अपील नाही, म्हणून आकडा मनासारखा नसेल तर दबावाखाली हो म्हणू नका.

२ लाख ३५ हजार तुम्ही भरून बसलात, ते आता दाव्यातूनच मागायचे. पण हे वाचणाऱ्या इतरांनी लक्षात ठेवा : मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ते अपघातातल्या प्रत्येक जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार, योजनेत असलेल्या रुग्णालयात. ११२ वर फोन करून जवळचं असं रुग्णालय विचारायचं. आणि पैसे भरले नाहीत, पोलीस आले नाहीत म्हणून कुठल्याच डॉक्टरला जखमीचे उपचार थांबवता येत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ तेच सांगतं. जखमीला उचलून नेणाऱ्याने आपलं नाव सांगायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर, त्याला कोणी अडकवू शकत नाही.

आता पुढे गाडी चालवायची गोष्ट. मिस्टरांचा मोडलाय उजवा पाय, आणि मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायात असतो. रॉड टाकला की काही आठवड्यांत माणूस काठीवर चालायला लागतो आणि त्याला वाटतं, चालता येतंय म्हणजे चालवता येतंय. तसं नाही. अचानक कोणी आडवं आलं तर पंजा विचार न करता, पूर्ण जोराने दाबता यायला हवा. दुखेल या भीतीने मेंदू क्षणभर थांबला तरी गाडी तेवढ्यात काही मीटर पुढे जाते. गिअर नसलेली स्कूटर घेतली तर ब्रेक हातात येतो, पण सिग्नलला वजन तोलायला पाय टेकावाच लागतो. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसून सर्जनने परवानगी देईपर्यंत दोन्ही नको, झोप आणणारी वेदनाशामक गोळी चालू असताना तर मुळीच नको. शिवाय विमा कंपनीचा माणूस चौकशीला येऊन जातो. "पूर्ण विश्रांती" असा दाखला असताना दारात किक मारतानाचा फोटो निघाला तर दाव्याचं काय होईल ते तुम्हीच बघा.

त्यांचं हेल्मेट पडताना आपटलं असेल तर ते पुन्हा वापरायचं नाही. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबून धक्का खातो. वरचं कवच चकचकीत दिसत असलं तरी आतलं काम संपलेलं असतं. पण फेकूही नका. ओरखडे दिसतील असे चारही बाजूंनी फोटो काढा आणि पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, हेल्मेट होतं याचा पुरावा तोच. नवीन घ्याल तेव्हा दोन घ्या. मागे आयएसआय खूण, आयएस ४१५१ हा आकडा आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन नंबर बघा. १ जून २०२१ पासून याशिवायचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला मिळतंच. घालून मान जोरात हलवा, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, मागे राहता कामा नये. पट्टा लावून मागून वर उचलून बघा; निघून आलं तर एक नंबर लहान मागा. तुमच्यासाठी घेताना अंबाडा सोडून, केस नेहमी बांधता तसे बांधून मापा, नाहीतर घरी आल्यावर ते डोक्यात बसत नाही आणि मग हँडलला लटकतं. आणि हे माप कॉलर बोन जुळल्यावर घ्यायला जा; आत्ता हात वर करून हेल्मेट घालायचा प्रयत्न करू नका.